सत्त्याण्णव

केमीच्या बाहेर, बॉथनियाच्या आखातात, फेब्रुवारीत,
बर्फ फोडणाऱ्या जहाजाच्या पोटात
इंजिनवाला वेइयो कार्पी, वय एकावन्न,
पाळी संपवतो, हातावरचं ग्रीस जाईल तेवढं घासतो,
जुन्या लॅपटॉपसमोर बसतो
आणि एक माणूस घडवायला घेतो.

घडवायला म्हणजे काय, स्पेसबार दाबायचा.
बळ बारा. चपळाई नऊ. काटकपणा चौदा.
बुद्धी अकरा, शहाणपण आठ, छाप सात.
बेरीज एकसष्ट.
छे. दाबा पुन्हा.

या खेळात फासे दिसत नाहीत,
खुळखुळत नाहीत, टेबलाखाली घरंगळत नाहीत,
"कलंडलाय, हा धरायचा नाही" असं भांडायला कुणी नाही.
फक्त टक्. आणि सहा आकडे.
टक्. आणि दुसरे सहा.
सटवाईने दौत उघडायच्या आत
तिला उंबऱ्यातूनच परत धाडावं
तशी तो आयुष्यं परत धाडतो,
मिनिटाला वीस.

वर जहाजही तेच करतंय.
बर्फाला थडकतं, अडतं,
मागे सरकतं, पुन्हा धाव घेतं.
पण जहाजाला कळतं कधी थांबायचं:
पलीकडे पाणी लागलं की.

पहिल्या रात्री त्याला ऐंशी चालले असते.
दुसऱ्या रात्री अठ्ठ्याऐंशी आले.
तो मागे रेलला, कॉफीचा घोट घेतला,
आणि ऐंशीवर खूश होणारा माणूस कोण होता
ते त्याला आठवेना.
पदरी पडलं ते पवित्र, म्हणतात.
पदर किती वेळा झटकून पुन्हा पसरायचा
ते कुणी सांगत नाही.

तिसऱ्या रात्री
अठरा, अठरा, सतरा, सोळा, पंधरा, तेरा.
सत्त्याण्णव.
डोळ्यांनी पाहिलं.
बोटाला निरोप पोचायला उशीर झाला.
टक्.
अठ्ठावन्न.

त्याने शिवी दिली नाही.
हातातला पाना निसटून जहाजाच्या तळात गेला
की त्या काळ्या पाण्याकडे पाहतात
तसा पाहत राहिला.

चौथी रात्र, पाचवी रात्र.
बोट आता ताकही फुंकून पितं:
दाबतं, उचलतं, बेरीज होईस्तोवर हवेत थांबतं.
नव्वद आले. ब्याण्णव आले,
लाजत, पाहुण्यासारखे, हातात काहीतरी घेऊन.
त्यांना त्याने बसाही म्हटलं नाही.

सहाव्या रात्री, गुरुवार होता,
स्वयंपाकघरातली सिर्का वाटाण्याचं सूप घेऊन आली
आणि त्याच्या खांद्यावरून वाकली.
"नाव काय याचं?"
"ठेवलं नाही अजून."
"सहा दिवस झाले की रे."

स्क्रीनवर तेव्हा जो कोणी होता त्याचं
बळ सतरा, चपळाई बारा, काटकपणा सोळा,
बुद्धी दहा, छाप चौदा.
शहाणपण पाच.
बेरीज चौऱ्याहत्तर. कचरा.

"पाच!" सिर्का हसली. "हा तर आमचा आउलिस.
बहिणीचा नवरा. एप्रिलात गोठलेल्या नदीवर गाडी घालतो.
दोनदा घातली."
"मग?"
"मग काय, दोनदा बाहेर ओढला.
दुसऱ्या वेळी आधी कुत्र्याला वर दिलं त्याने,
मग स्वतः आला. सूप गरम आहे तोवर घे."

ती गेली.
बोट स्पेसबारवर होतं.

मग जहाज थडकलं, नेहमीपेक्षा जोरात,
वाडगा सरकला, दिवा हलला,
आणि वेइयोने झटकन हात वर घेतला
चुकून दाबला जाईल म्हणून.

आपण आत्ता कुणाला वाचवलं
हे त्याला हात हवेत असतानाच कळलं.

थोडा वेळ तो तसाच बसला.
मग दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत,
त्याने नाव लिहिलं.

पहिल्याच गुहेत
"उघडू नये" असं कोरलेली पेटी होती.
आउलिसने ती उघडली.